गोव्यात दुकान-ऑफिससाठी जागा घेताना: झोन, कर आणि परवान्यांचा हिशेब

म्हापसा, पर्वरी किंवा फोंड्याला गाळा बघायला जा. दलाल चौरस मीटरचा भाव सांगेल, जागा रस्त्याला लागून आहे म्हणेल, पार्किंग दाखवेल. त्या जागेत सरकार नेमकं काय करू देतं आणि त्यापोटी किती घेतं, हे मात्र तुम्हालाच शोधावं लागतं. गोव्यात व्यापारी जागेचा भाव त्यावरच उभा असतो. ओसी (भोगवटा दाखला) असलेला आणि ओसी नसलेला गाळा भिंतीला भिंत लावून असले तरी त्यांची किंमत एक नसते. एखादी सरकारी अधिसूचना किंवा कोर्टाचा एखादा निकाल अख्ख्या रस्त्याची भाडी वर-खाली करू शकतो.

मी आधी भाड्याच्या गाळ्यात धंदा केला, पुढे छोटं ऑफिस विकत घेतलं. दोन्ही वेळा माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळाली: थोडी वकिलाकडून, थोडी सीएकडून, थोडी पंचायतीच्या सचिवाकडून. पहिल्यांदाच दुकान, ऑफिस, दवाखाना किंवा खानावळ टाकणाऱ्यांसाठी ती इथे एका ओळीत लावून दिली आहे. करांचे दर बदलत असतात, म्हणून सही करण्याआधी आपल्या सीएकडून त्या दिवसाचा दर पक्का करून घ्या.

1. आधी धंदा ठरवा, मग जागा

क्रम उलटा झाला की पुढचं सगळं बिघडतं. गाळा आवडला म्हणून घेतला आणि मग तिथे कॅफे काढायचं ठरवलं, तर सांडपाणी, धुराडं, अग्निशमन, अबकारी परवाना यांतलं काहीतरी नक्की अडतं. कापडाच्या दुकानाला चालणारी जागा स्वयंपाकघराला चालेलच असं नाही. करही धंद्यानुसार बदलतो, ते चौथ्या टप्प्यात येईल. एका कागदावर तीन ओळी लिहा: आत काय चालणार, दारू विकली जाणार का, तुमची जीएसटी नोंदणी असणार का. पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या तीन ओळींवरून ठरतात.

2. झोन बघा, भाव नंतर विचारा

शहरी भागांसाठी ओडीपी (बाह्य विकास आराखडे) असतात, बाकी गोव्यासाठी प्रादेशिक आराखडा 2021. सर्व्हे नंबर घेऊन नगर नियोजन खात्याच्या तालुका कार्यालयात किंवा संबंधित पीडीएमध्ये (नियोजन आणि विकास प्राधिकरणात) जा आणि झोनिंगचा दाखला लेखी मागा. तोंडी उत्तरावर थांबू नका. जमीन व्यापारी झोनमध्ये आहे, वस्तीच्या झोनमध्ये आहे की ऑर्चर्डमध्ये (बागायतीच्या झोनमध्ये), यावर तिथे काय बांधता येईल आणि किती बांधता येईल हे ठरतं.

इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे "झोन होऊन येतोय" हे वाक्य. मलाही ते ऐकवलं गेलं, आणि भाव मात्र झोन बदलून आल्यासारखाच सांगितला गेला. गोव्यात झोन बदलाच्या आशेवर पैसे लावणं किती धोक्याचं आहे हे इतिहासच सांगतो. प्रादेशिक आराखडा 2011 लोकांच्या आंदोलनानंतर 2007 च्या सुरुवातीला सरकारला मागे घ्यावा लागला. त्याच सुमारास विशेष आर्थिक क्षेत्रांची योजनाही विरोधामुळे गुंडाळली गेली. अलीकडे नगर नियोजन कायद्याच्या कलम 17(2) खाली तुकड्या-तुकड्यांनी झोन बदलून दिले जात होते. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठी केलेले नियम रद्द ठरवले. त्याच कायद्याच्या कलम 39ए खाली झालेले झोन बदलही कोर्टात आव्हानाखाली आले. विकणाऱ्याने झोन बदलाचा आदेश दाखवला, तर तो कोणत्या कलमाखाली झालाय हे आधी वाचा आणि वकिलाला दाखवा. आदेश आला नसेल, तर आजच्या झोनचाच भाव द्या.

भातशेतीच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. 2023 च्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर बंदी घातली आहे. "नंतर भराव घालू" म्हणणाऱ्याकडून उठून या.

समुद्रापासून 500 मीटरच्या आतली, किंवा नदी-खाडीच्या काठावरची जागा असेल तर सीआरझेड (किनारी बांधकामावरचे निर्बंध) वेगळं तपासा. हणजुणे, कळंगुट, पाळोळे या पट्ट्यात कितीतरी रेस्टॉरंट्स अशा जागांत उभी आहेत, म्हणून तुम्हालाही चालेल असं समजू नका. किनारी प्राधिकरणाची परवानगी त्या बांधकामाला आहे का, कायमची की हंगामी, हे कागदावर बघा.

3. जमिनीचे आणि इमारतीचे कागद

भाड्याने घेत असाल तरी यातले बहुतेक कागद मागा. मालक कां-कूं करत असेल तर त्यातूनच बरंच कळतं.

- एक-चौदाचा उतारा (शहरात फॉर्म डी) आणि सर्व्हेचा नकाशा
- जमीन रूपांतराची सनद (शेतजमीन बांधकामासाठी वापरायची परवानगी)
- मंजूर आराखडा, बांधकाम परवाना आणि ओसी
- मालकाच्या नावाची खरेदीखतं. वारशाने आलेली असेल तर इन्व्हेंटरीचे (कोर्टातल्या वारसा-वाटणीचे) कागद
- बोजा नसल्याचा दाखला
- चालू वर्षाची घरपट्टीची पावती, वीजबिल, पाणीबिल
- सोसायटी असेल तर तिचा नाहरकत दाखला

एक-चौदाचा उतारा हातात आला की लोक फक्त मालकाचं नाव बघतात. त्याच कागदावर कुळाचा रकाना आहे आणि इतर हक्कांचा रकाना आहे. कुळाच्या रकान्यात नाव असेल तर कुळ कायदा आला. इतर हक्कांत मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची) किंवा वाटेच्या हक्काची नोंद असेल, तर जागा रिकामी दिसली तरी ती मोकळी नाही. मुंडकार संरक्षण कायदा 1975 चा आहे आणि तो मुंडकाराच्या बाजूने ठाम उभा आहे. राहतं घर सुरक्षित राहावं म्हणूनच तो आला. भाटकाराने (जमीनमालकाने) "त्याला समजावू" म्हटलं तरी तुम्ही त्या भांडणात पडू नका. फेरफार क्रमांकही टिपून घ्या आणि शेवटचा फेरफार कशामुळे झाला ते तपासा.

दुसरी खास गोव्याची गोष्ट: लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर इथल्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता समाईक असते. विक्रीला दोघांची सही लागते. शेजारच्या सिंधुदुर्गातून किंवा बेळगावहून आलेल्यांना हे माहीत नसतं, आणि एकाच्या सहीचं कुलमुखत्यारपत्र बघून ते विसार देऊन बसतात. वारसांतले दोघं परदेशात असतील तर त्यांच्या जोडीदारांच्या सह्यांचंही बघा.

औद्योगिक वसाहतीतला शेड किंवा प्लॉट, वेर्णा असो वा कुंडई, हा औद्योगिक विकास महामंडळाकडून भाडेपट्ट्याने दिलेला असतो. तो "विकत" मिळत नाही, हस्तांतरित होतो, आणि त्याला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं. कोमुनिदादच्या (गावकऱ्यांच्या जुन्या सामूहिक संस्थेच्या) जमिनीवरचं दुकान असेल तर वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

4. भाड्यावरचा जीएसटी: एकाच गाळ्याचे चार हिशेब

व्यापारी जागेच्या भाड्यावर जीएसटी 18 टक्के आहे. पण तो कोण भरतो आणि शेवटी कोणाच्या खिशातून जातो, हे मालकाच्या आणि भाडेकरूच्या नोंदणीवर ठरतं.

मालकाची वर्षाची एकूण उलाढाल 20 लाखांच्या वर असेल तर त्याला नोंदणी करावी लागते आणि तो बिलात 18 टक्के लावतो. या 20 लाखांत त्याच्या त्याच पॅनवरची बाकीची भाडी आणि धंदेही मोजले जातात. मालक नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू असेल, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून तो कर रिव्हर्स चार्जने भाडेकरूने भरायचा आहे. तोही रोख खात्यातून, शिवाय स्वतःच्या नावे बिल तयार करून. या नियमातून कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या) व्यापाऱ्यांना 16 जानेवारी 2025 पासून सूट मिळाली. दोघांपैकी कोणीच नोंदणीकृत नसेल तर हा कर येतच नाही.

आता फोंड्याच्या बाजारातला एक गाळा धरा, भाडं महिना 40,000. त्यावर 18 टक्के म्हणजे 7,200, वर्षाचे 86,400.

मोबाइलचं दुकान नियमित नोंदणीत असेल, तर हे 7,200 त्याच्या विक्रीवरच्या करातून वळते होतात. पैसे काही दिवस अडकतात, जात नाहीत.

रेस्टॉरंटचं तसं नाही. साधं रेस्टॉरंट बिलावर 5 टक्के लावतं आणि त्या बदल्यात त्याला भाड्यावरच्या कराचं क्रेडिट (भरलेला कर विक्रीवरच्या करातून वळता करायची सोय) मिळत नाही. त्याच्यासाठी 86,400 हा शुद्ध खर्च आहे. त्याने भाडं 47,200 धरूनच हिशेब करायला हवा.

दवाखान्याची सेवा जीएसटीतून मुक्त असल्यामुळे डॉक्टरची सहसा नोंदणीच नसते. मालकही नोंदणीकृत नसेल तर भाडं 40,000 वरच राहतं. मालक नोंदणीकृत असेल तर तोच गाळा 47,200 ला पडतो.

चौथा हिशेब दारूच्या दुकानाचा, आणि गोव्यात तो अगदी घरचा विषय आहे. माणसाने प्यायची दारू जीएसटीच्या बाहेर आहे, म्हणून तिच्या विक्रीपोटी भाड्यावरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही. फक्त दारू विकणारा नोंदणीत नसेल आणि मालकही नसेल तर कर शून्य. पण त्याच दुकानात शीतपेयं आणि खारे पदार्थ विकण्यासाठी जीएसटी नंबर काढला, की मालक नोंदणीकृत नसला तरी रिव्हर्स चार्ज लागू होतो.

म्हणून "भाडं किती?" या प्रश्नाला जोडूनच "तुमचा जीएसटी नंबर आहे का?" हे मालकाला विचारा. डॉक्टर आणि छोटे दुकानदार एकच गाळा असलेल्या, बहुधा नोंदणी नसलेल्या मालकाकडे वळतात, तर नोंदणीकृत कंपन्यांना मोठ्या इमारतीच्या मालकाचं पक्कं बिल सोयीचं पडतं, त्याचं एक कारण हेही आहे. परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर जीएसटी लागत नाही; कोणी लावला तर हरकत घ्या.

भाड्यावरचा टीडीएसही (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) विसरू नका. तुमच्या धंद्याला ऑडिट लागत नसेल आणि भाडं महिना 50,000 च्या वर असेल, तर 2 टक्के कापायचे. कंपनी किंवा ऑडिट लागणारा धंदा असेल तर 10 टक्के. कपात जीएसटी सोडून मूळ भाड्यावर होते. 1 एप्रिल 2026 पासून आयकराचा नवा कायदा लागू असल्यामुळे जुन्या माहितीतले कलम क्रमांक जुळणार नाहीत.

5. विकत घेत असाल तर

तयार इमारत आणि चालू बांधकाम यांत मोठा फरक आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या गाळ्यावर जीएसटी नाही. बांधकाम चालू असताना घेतला तर दर 18 टक्के, पण जमिनीपोटी एक-तृतीयांश किंमत वगळल्यामुळे प्रत्यक्षात 12 टक्के पडतो. निवासी प्रकल्पात खाली मोजकी दुकानं असतील, म्हणजे एकूण कार्पेट क्षेत्राच्या (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेच्या) 15 टक्क्यांपर्यंत, तर त्या दुकानांना 5 टक्के लागू होतो. 50 लाखांच्या गाळ्यावर हा फरक साडेतीन लाखांचा आहे.

पुढे भाड्याने देण्याचा विचार असला तरी बांधकामावरच्या या कराचं क्रेडिट मिळेल या भरवशावर राहू नका. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मॉलसारख्या भाड्याच्या इमारतींसाठी थोडी वाट उघडली होती. सरकारने 2025 च्या वित्त कायद्यात तरतूदच 1 जुलै 2017 पासून मागे जाऊन बदलली आणि ती वाट बंद केली.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क किमतीच्या टप्प्यांनुसार चढतं. उपनिबंधकाच्या कार्यालयात जाण्याआधी ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर रक्कम काढून बघा. किंमत कमी दाखवून शुल्क वाचवण्याचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो घेऊ नका. सरकारी मूल्य आणि खतातली किंमत यांत 10 टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही आयकर लागू शकतो. शिवाय जागेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

किंमत 50 लाख किंवा अधिक असेल तर घेणाऱ्याने 1 टक्का टीडीएस कापून भरायचा. पण हा नियम भारतात राहणाऱ्या विक्रेत्यापुरता आहे. गोव्यात कितीतरी मालक पोर्तुगालला, लंडनला किंवा आखातात असतात. विक्रेता अनिवासी असेल तर भांडवली नफ्याच्या दराने, अधिभार आणि उपकर धरून कपात करावी लागते, आणि 50 लाखांची मर्यादाही नाही. विक्रेत्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नाही, तर ती कपात पूर्ण किमतीवर करावी, असाच सल्ला सीए देतात. इथे 1 टक्का कापून मोकळे झालात तर उरलेला कर खातं तुमच्याकडे मागेल. मालक तर परदेशात असेल.

नवीन प्रकल्प असेल तर गोवा रेराचा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक तपासा. रेरा दुकानांना आणि ऑफिसांनाही लागू आहे. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. भाव सुपर बिल्ट-अपवर (भिंती आणि जिना-लॉबीचा वाटा धरून) सांगितला असेल तर तो कार्पेट क्षेत्रावर फिरवून बघा. खरा दर तेव्हाच कळतो. बिल्डरने भरलेला इन्फ्रास्ट्रक्चर कर आणि बांधकाम कामगार उपकर किमतीत धरलाय की वेगळा मागणार, हेही लिहून घ्या.

6. परवाने आणि घरपट्टी

"घर नंबर आहे, घरपट्टी भरतोय, म्हणजे सगळं कायदेशीर." हे वाक्य तुम्ही दहा ठिकाणी ऐकाल. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाचा परवाना नव्हे. अनधिकृत बांधकामाकडूनही पंचायत कर घेऊ शकते आणि तरीही पाडण्याची नोटीस काढू शकते. रस्त्याकडेच्या आणि शेतातल्या बेकायदा बांधकामांवर कारवाई करा, असं उच्च न्यायालयाने 2025 मध्ये सरकारी यंत्रणेला बजावलं आहे. महामार्गाला लागून पत्र्याचा गाळा स्वस्तात मिळत असेल तर त्या स्वस्ताईचं कारण हेच आहे.

पंचायत किंवा पालिकेचा व्यापार परवाना, खाद्यपदार्थ असतील तर अन्न परवाना, अग्निशमन दलाचा नाहरकत दाखला, आणि वीज जोडणी व्यापारी वर्गात, एवढं लागतं. घरगुती मीटरवर दुकान चालवू नका. घरपट्टीही व्यापारी वापराला जास्त असते, म्हणून निवासी फ्लॅटमध्ये ऑफिस टाकताना वापर बदलाचं आधी विचारा. डिसेंबर 2025 मध्ये हडफडेच्या नाइटक्लबला आग लागून 25 जणांचा जीव गेला. त्या इमारतीच्या परवानग्यांचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. बाहेर पडायला दुसरा रस्ता नसलेली जागा कितीही स्वस्त असली तरी ग्राहकांसाठी आणि कामगारांसाठी घेऊ नका. हे मी कायद्यापुरतं सांगत नाही.

7. ही मागणी कोणत्या धोरणावर उभी आहे?

जागेचं भाडं बघताना विचारा: इथे गिऱ्हाईक का येतं? उत्तर सरकारी निर्णयाशी जोडलेलं असेल तर तो निर्णय किती टिकाऊ आहे ते बघा.

सावर्डे, कुडचडे, डिचोली या पट्ट्यात खाणींच्या दिवसांत ट्रकचे सुटे भाग, टायर, गॅरेज, खानावळी, सगळ्या गाळ्यांना मागणी होती. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या, नंतर सुरू झाल्या, मार्च 2018 मध्ये पुन्हा बंद पडल्या. गाळे तेच, रस्ता तोच. ट्रक गेले आणि गिऱ्हाईक गेलं. ज्यांनी भरभराटीच्या काळातल्या भाड्याच्या हिशेबाने कर्ज काढलं होतं, त्यांचे हाल झाले. लिलावानंतर काही खाणी पुन्हा चालू झाल्या आहेत, तरी त्या पट्ट्यात दुकान घेताना खाण नसतानाही चालेल असा धंदा धरा.

महामार्गालगतच्या बारचंही असंच झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2016 च्या आदेशाने 1 एप्रिल 2017 पासून महामार्गापासून 500 मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करायला लावली. 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी हे अंतर 220 मीटरवर आणलं. जुलै 2017 मध्ये पालिका क्षेत्रांना मोकळीक मिळाली, पंचायत क्षेत्रांचा निर्णय फेब्रुवारी 2018 मध्ये राज्यांवर सोपवला गेला. मधल्या काळात भाडं मात्र चालूच राहिलं.

उलट दिशेचं उदाहरण पेडण्याचं. मोपा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला आणि त्याच्या कितीतरी आधीपासून आजूबाजूच्या जमिनीचे भाव त्या आशेवर चढत होते. अशा ठिकाणी आजचं भाडं आणि उद्याची आशा वेगवेगळी मोजा. महामार्ग रुंद होत असेल तर संपादनाची रेषा कुठून जाते, दुकानासमोर उड्डाणपूल येतो का, हे सार्वजनिक बांधकाम खात्यात विचारून घ्या.

8. करारात हे लिहून घ्या

अकरा महिन्यांचा करार नोंदणीचा खर्च वाचवतो. पण फर्निचर, एसी आणि बोर्डावर पाच-सात लाख घालणार असाल तर तो तुम्हाला काहीच संरक्षण देत नाही. लांब मुदतीचा करार नोंदवून करा, दरवर्षीची वाढ टक्क्यांत लिहा. आणि पुढच्या बाबी शब्दांत मांडून घ्या:

- भाडं जीएसटी धरून आहे की सोडून. मालक पुढे नोंदणीत आला किंवा दर बदलला तर भार कोणाचा.
- घरपट्टी, तिच्यात पुढे होणारी वाढ आणि जुनी थकबाकी कोणाकडे.
- टीडीएस कापून उरलेली रक्कम म्हणजे पूर्ण भाडं मिळालं, हे मालकाला मान्य आहे. मालक अनिवासी असेल तर भाड्यावरची कपात 30 टक्क्यांच्या वर जाते, म्हणून त्याचा निवासी दर्जा करारातच नमूद करा.
- ओसी, झोन किंवा बांधकामातल्या दोषामुळे परवाना नाकारला गेला, तर करार संपेल आणि अनामत किती दिवसांत परत येईल.
- सरकारी आदेशाने किंवा कोर्टाच्या निर्णयाने धंदा बंद ठेवावा लागला, तर त्या काळात भाडं किती, आणि लॉक-इन (करार मोडता न येण्याची ठरलेली मुदत) असला तरी बाहेर पडता येईल का.

शेवटच्या दोन बाबींवर मालक घासाघीस करेल. भाड्यात थोडं वर जावं लागलं तरी चालेल, पण या दोन सोडू नका. विसाराचा चेक हा मसुदा दोघांनी वाचून मान्य केल्यानंतरच लिहा, आणि चेकच्या मागे नाही तर वेगळ्या पावतीवर सर्व्हे नंबर, गाळा क्रमांक आणि "परवाना न मिळाल्यास परत" हे शब्द मालकाच्या सहीने घ्या.